बिऱ्हाड पिकअपच्या पाठीवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते जरा कीव करूनच. अमेरिकेत मात्र असे पाठीवरचे बिऱ्हाड हौसेने, चांगले पैसे मोजून घेणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांतली बरीचशी माणसे साठी उलटलेली. नोकरी संपलेली, मुले आपापल्या संसारात आणि देश अजून पाहायचा राहिलेला. अशी जोडपी पिकअप ट्रकच्या हौद्यात एक लहानशी खोली बसवतात आणि दोन-दोन, चार-चार महिने रस्त्यावर संसार करतात.

या खोलीला ट्रक कॅम्पर म्हणतात. तिला स्वतःची चाके नसतात. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते खाली सोडले की खोली स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि ट्रक तिच्याखालून मोकळा निघतो. मग भाजी आणायला किंवा डॉक्टरकडे जायला नुसता ट्रक न्यायचा. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागात बिछाना, खाली ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज, टेबल आणि बसायला बाकडी. बऱ्याच कॅम्परमध्ये शॉवर आणि संडासही असतो. मोकळी जागा मात्र इतकीच, की एकाला वळायचे असेल तर दुसऱ्याने बसावे. एका खोलीत संसार केलेल्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. पण ज्यांच्या घरी दोन गाड्यांचे गॅरेज आहे, त्यांना इथे सुखाने राहणे शिकावे लागते.

या राहणीचे सर्वांना ठाऊक झालेले वर्णन जॉन स्टाईनबेक या कादंबरीकारांनी केले. सप्टेंबर १९६० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाले. गाडीला त्यांनी डॉन क्विक्झोटच्या घोड्याचे ‘रोसिनांते’ हे नाव दिले होते. सुमारे दहा हजार मैलांच्या या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. कपडे धुण्याची त्यांची युक्ती कोणत्याही गृहिणीने दाद द्यावी अशी होती. झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत गरम पाणी, साबण आणि मळके कपडे घालून ती बादली रबरी दोरीने कपाटात टांगायची. दिवसभर गाडीच्या धक्क्यांनी कपडे निघत. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या पाण्यात खळबळले की झाले!

पण हेच स्टाईनबेक निघताना गरजेपेक्षा कितीतरी जास्त सामान घेऊन निघाले होते. वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांचेच वजन दीडशे पौंड, म्हणजे जवळजवळ ६८ किलो होते. ही चूक आजही बहुतेक सगळे पहिल्या प्रवासात करतात. काहीतरी अडेल या भीतीने सामान भरले जाते आणि मग त्या सामानामुळेच अडते. पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर ती गाडी किती भार पेलते याची पट्टी लावलेली असते. कंपनी सांगते ते कॅम्परचे वजन बहुधा रिकाम्या खोलीचे असते. त्यात पाणी, गॅसचे सिलिंडर, बॅटऱ्या, धान्य, कपडे आणि दोन माणसे चढली की हिशेब बदलतो. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. भार जास्त झाला की टायर तापतात, ब्रेक उशिरा लागतात, वळणावर गाडी कलते. म्हणून जाणकार माणसे सगळे सामान भरून गाडी आधी वजनकाट्यावर नेतात. परतल्यावर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती पुढच्या वेळी घरी राहते.

पाण्याचा हिशेबही असाच. अमेरिकन घरातल्या शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटरपर्यंत पाणी वाहते. या वेगाने शंभर लिटरची टाकी अकरा मिनिटांत कोरडी पडेल. त्यामुळे अंग ओले करायचे, नळ बंद, साबण लावायचा आणि मग थोडक्या पाण्यात अंग धुवायचे. विजेचे तेच. शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी साधारण १२०० वॉट-तास वीज देते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांना ती सहज पुरते आणि टपावरचे सौर पॅनल ती पुन्हा भरतात. पण छतावरचा एसी तिला तासाभरात संपवतो. मग उन्हाळ्यात करायचे काय? तर डोंगर चढायचा! दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. हिवाळ्यात ॲरिझोनाचे वाळवंट आणि उन्हाळ्यात उंचावरची जंगले, हाच या लोकांचा खरा एसी.

मुक्कामाला जागाही भरपूर. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत. तिच्या मोठ्या भागात फुकट मुक्काम करता येतो. सर्वसाधारण नियम असा, की २८ दिवसांत १४ दिवसांपेक्षा जास्त एका जागी राहायचे नाही. तिथे नळ नाही, वीज नाही, संडास नाही. घाण पाणी टाकीत साठवून ठरावीक जागीच ओतायचे. पत्रेही मिळतात. ‘जनरल डिलिव्हरी’ असे लिहून एखाद्या गावच्या पोस्टात पाठवलेले पत्र किंवा पार्सल तिथे तीस दिवसांपर्यंत राखून ठेवले जाते.

हे सगळे शिकता येते. खरी परीक्षा असते ती सलग तीन दिवस पाऊस लागतो तेव्हा. बाहेर चिखल, आत दोन माणसे आणि ओल्या चपला. घरात रुसवा आला तर एकजण दुसऱ्या खोलीत जातो. इथे दुसरी खोलीच नाही. अनेक संसारांत नवऱ्याला वाटते आपण सुटीवर आलो आणि बायकोला कळते की स्वयंपाक तोच आहे, फक्त ओटा लहान झाला आहे. स्टिअरिंग त्याच्या हातात, शेगडी तिच्या हातात, ही घरची वाटणी गाडीतही तशीच चालू राहिली, तर तो प्रवास एकाचाच होतो.

आणि प्रश्न नुसता कामाच्या वाटणीचा नाही. रुग्णालय शंभर मैलांवर, मोबाइलला रेंज नाही आणि रात्री नवऱ्याच्या छातीत दुखू लागले तर? तिने ही अवजड गाडी कधी चालवलीच नसेल, तर ती काय करणार? उलट तीच आजारी पडली आणि तिच्या गोळ्या कोणत्या, कुठे ठेवल्या, हे त्याला ठाऊक नसेल तर? म्हणूनच शहाणी जोडपी पहिल्याच आठवड्यात कामांची अदलाबदल करतात. ती ट्रक मागे घ्यायला शिकते, जॅक उतरवते, गॅसचा मुख्य कॉक बंद करते. तो भात लावायला आणि औषधांची यादी सांगायला शिकतो. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा भोंगा दोघेही तपासतात. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा भोंगा जमिनीलगत हवा, हेही दोघांना माहीत असते. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपायचे नाही आणि खिडकी जराशी उघडी ठेवायची, हा नियम दोघांचा. एकमेकांवर चिडचिड झाली तर काय करायचे, तेही ते आधीच ठरवतात. एकाने छत्री घेऊन फेरी मारून यावे आणि दुसऱ्याने तोवर चहा ठेवावा.

हे चित्र सगळ्यांसाठी इतके सुखाचे नाही, हेही सांगायला हवे. २००८ च्या मंदीनंतर घर आणि बचत गमावलेली कितीतरी वयस्क माणसे गाड्यांतच राहू लागली आणि हंगामी मजुरी करत फिरू लागली. जेसिका ब्रुडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे २०१७ चे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तेच आकाश, तीच शेगडी, तसाच अरुंद बिछाना. पण एकाच्या खिशात घराची किल्ली आहे आणि दुसऱ्याच्या नाही. म्हणून भटकंतीच्या भरात घर विकून टाकण्याआधी निदान एक पूर्ण हिवाळा आणि एक पावसाळी आठवडा या खोलीत काढून पाहावा.

स्टाईनबेक यांनाही एकटेपणा जाणवला होता. ते सगळ्याच रात्री गाडीत राहिले नाहीत. अधूनमधून त्यांनी मोटेल आणि हॉटेलांचा आसरा घेतला, पत्नी एलेन त्यांना वाटेत येऊन भेटल्या. त्यात कमीपणा कसला? दहा दिवसांनी एखाद्या रात्री खोली भाड्याने घेऊन भरपूर पाण्याने अंघोळ करणे, हाही चांगल्या प्रवासाचाच भाग आहे. या इवल्याशा खोलीत सामान किती मावते, याला फार महत्त्व नाही. दोघांपैकी कोणीही आजारी पडले, तर दुसऱ्याला गाडी सुखरूप गावात आणता येईल, एवढी खात्री असली की झोप चांगली लागते.