पौषातल्या चार रात्री

गुरुवार, 9 जानेवारी 2025, चेंबूर

आईचं म्हणणं एकच: किहीमला जायचं, पण हॉटेलात उतरायचं नाही. "माझ्या गावात मी भाड्याच्या खोलीत झोपू?" तिच्या माहेरची वाडी विकून सोळा वर्षं झाली. मामांनी विकली, पण सगळ्यांच्या संमतीने. कागदावर आईचीही सही आहे. त्याबद्दल ती कुणाला बोल लावत नाही. पण आपल्या गावात आपल्याला पाठ टेकायला जागा नाही, हे तिला पंचाहत्तरीत फार लागायला लागलं आहे. शेवटी मीच म्हटलं, गाडीत झोपू.

दुपारी टेप घेऊन गाडी मोजली. ग्रँड व्हिटारा, हायब्रिड. बाहेरून 4,345 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचौदा फूट. झोपणाऱ्याच्या वाट्याला त्यातले जेमतेम पावणेसहा येतात, तेही पुढच्या सीटा पार पुढे ढकलल्यावर. हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाखाली असल्यामुळे डिकी उथळ आहे. मागची सीट पाडली तरी पाठ थोडी तिरकी राहते. तो उतार भरायला दोन गोधड्यांच्या घड्या घातल्या, पुढच्या पोकळीत कपड्यांची बॅग बसवली. लांबी दोघींना पुरते. रुंदीला मात्र चाकांच्या कमानी आड येतात. दोघींनी एका कुशीवर वळायचं, असं ठरलं. आईने आडवी होऊन पाहिलं आणि म्हणाली, "माजघर याहून मोठं नव्हतं गं, आणि आम्ही सात भावंडं होतो."

शुक्रवार, 10 जानेवारी, किहीम

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने आलो. आईच्या लहानपणी इथूनच रेवसची लाँच सुटायची आणि पुढे एसटी. 2020च्या मार्चपासून बोटीच्या पोटात गाडी घालून तासाभरात मांडव्याला उतरता येतं. आई वरच्या डेकवर उभी होती, बसायला तयार नव्हती. मांडव्याहून किहीम दहा-बारा किलोमीटर. चोंढी नाक्यावर तिने खिडकी उघडायला लावली.

चार वाजता पाणी अजून लांब होतं. सुरूंच्या रांगेतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या टोकाला, वाळू सुरू होते तिथेच मी गाडी उभी केली. समोर समुद्र, डावीकडे लांबवर खांदेरी आणि उंदेरी. याहून चांगली जागा कुठली मिळणार, असं मला वाटलं. गोधड्या पसरत होतो तेवढ्यात सायकलवरून एक काका आले. आईला त्यांनी तिच्या माहेरच्या आडनावाने ओळखलं. ओळख पटवून झाल्यावर पहिलं वाक्य: "इथे झोपायचं नाही हो."

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. आज एकादशी, अकराचे पाऊणपट सव्वाआठ; म्हणजे रात्री सव्वाआठच्या सुमाराला भरती पुरी होणार. अष्टमीच्या भांगाला पाणी आळशी असतं. आता पुनवेपर्यंत ते रोज चढत जाणार, आणि पुनवेला उधाण. "शिवाय पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, थंडीत रात्रीची. तुम्ही झोपेत असणार." मी मोबाइलवर वेळापत्रक काढून पाहिलं. थोडा फरक होता, पण गणित बरोबर होतं. माझ्या आजोबांनाही हे येत असणार; आमच्या घरात ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, याचं वाईट वाटलं.

काकांनी त्यांच्या वाडीत गाडी लावायला सांगितली. विहिरीचं पाणी, न्हाणीघर, सगळं वापरा म्हणाले. पैशाचं विचारलं तर रागावले. मी मनाशी ठरवलं आहे, जाताना द्यायचे. अंगण कुणाचंही असो, पाणी आणि संडास वापरायचे तर मोबदला दिला पाहिजे.

वाडीतही त्यांनी एकदा गाडी हलवायला लावली. मी सावली बघून माडाखाली लावली होती. माडाखाली काहीही ठेवायचं नाही, माणूस तर नाहीच. आता गाडी फणसाजवळ मोकळ्यावर उभी आहे, तोंड समुद्राकडे.

संध्याकाळी पश्चिमेला शुक्र इतका ठळक की आईला विमान वाटलं. जरा वर शनी. पूर्वेकडे चंद्राला लागून गुरू.

शनिवार, 11 जानेवारी, पहाटे पाच

झोप झाली नाही. जे घडलं ते नीट लिहून ठेवते, पुन्हा कुणी असं करू नये म्हणून.

डासांच्या भीतीने काचा बंद ठेवल्या आणि गाडी चालू ठेवून एसी मंद लावला. हायब्रिडचं लोक कौतुक करतात ते यासाठीच. एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, इंजिन बंद असतं, गाडी शांत. पण ही बॅटरी फक्त 0.76 किलोवॉट-तासांची. निव्वळ विजेवर चालणाऱ्या मध्यम गाडीत याच्या चाळीस ते साठपट साठा असतो. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांनी साठा उतरला की इंजिन आपोआप सुरू होतं, थोडा वेळ चालतं, पुन्हा थांबतं. रस्त्यावर ते कळतही नाही. रात्री दोन वाजता वाडीत ती थरथर पाठीतून जाते. आई दर वेळी दचकून उठायची: "कोण आलं?" काकांचा कुत्रा भुंकायचा. पाहुण्याने रात्रभर यजमानाची झोप मोडावी, हे मला सहन होईना.

त्याहून मोठी गोष्ट अडीचच्या सुमाराला लक्षात आली. संध्याकाळी खारा वारा होता, समुद्राकडून येणारा. तोंड समुद्राकडे, म्हणजे मागच्या नळीचा धूर पाठीमागे निघून जात होता. रात्री वारा फिरला. मतलई सुरू झाली, जमिनीकडून समुद्राकडे. शाळेत भूगोलात हे पाठ केलं होतं. आता तोच धूर नळीतून निघून गाडीवरून पुढे येत होता. काच चार बोटं उघडली तेव्हा नाकाला कळलं. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. मला आला तो धुराच्या बाकीच्या भागाचा वास, आणि तो आला हे आमचं नशीब. मी ताबडतोब गाडी बंद केली, चारही दारं उघडली, आईला ओसरीवर नेऊन बसवलं. ती बरी होती, पाणी प्यायली. इंजिन आपण होऊन चालू होणारी गाडी ही बंद गाडी नव्हे. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर पहाटेपर्यंत गाडी बंद, काचा उघड्या, अंगावर गोधडी. डास चावले. थंडी होती, पण गारवा सोसवेल असाच. मग एसी लावला कशासाठी?

साडेचारला माडावरून एक वाळकी झावळी कोसळली. काल जिथे गाडी होती, बरोबर तिथे.

रात्री

आज अलिबागला जाऊन मच्छरदाणीचं कापड आणलं. काकूंनी शिवणयंत्रावर खिडकीच्या मापाच्या चार पिशव्या शिवून दिल्या. दार उघडून वरून मोज्यासारखी चढवायची, मग काच अर्धी खाली घेतली तरी डास येत नाही. दोन्ही बाजूंच्या काचा उघड्या म्हणजे वारा आरपार. गाडी पूर्ण बंद.

संध्याकाळी काकूंनी आईसाठी पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे आणि अंडी. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबून बसवलेला. आत पाण्याचा थेंब नाही. शेतात मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचल्या आणि पेटवलं. अर्ध्या-पाऊण तासाने काकूंनी हात ओला करून मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडाले. "झाली." पाला ओढून काढल्यावर जो वास आला तो भांबुर्ड्याचा, कडवट, ओल्या मातीत मिसळलेला. आई शेंगा सोलत होती, बोटं काळी झाली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. ती एकेक शेंग उघडून आतला दाणा आधी बघायची आणि मग खायची. मी तिला असं खाताना कधी पाहिलं नव्हतं.

रविवार, 12 जानेवारी

छान झोप. सकाळी काचा आतून ओल्या. दोन माणसांचे श्वास आणि बाहेरचं दव. फडक्याने पुसून गोधड्या उन्हात टाकल्या. रोज वाळवल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुबट वास धरतील.

माहेरच्या वाडीवर गेलो. म्हणजे तिच्या भिंतीपर्यंत. पुरुषभर उंच गडगा, काळं फाटक, आत बंगला. विहीर दिसत नाही. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात इथल्या कितीतरी माड-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा आमचाही जुना माड गेला असावा. आई भिंतीकडे पाहत नव्हती, भिंतीच्या खाली पाहत होती. "पाट इथून जायचा." तिथे सिमेंटचं गटार आहे. पाच मिनिटं उभी राहिली, मग चल म्हणाली.

समुद्रावर आज मुंबईची गर्दी, घोडागाड्या, आरडाओरडा. दोन जीपगाड्या पाण्याच्या कडेने वाळूतून धावत होत्या. खेकड्यांची बिळं त्या चाकांखाली जातात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. पुळण म्हणजे रस्ता नव्हे.

परत येताना काकांच्या शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर वाकलेली शिंदी पाहिली. तिला सुगरणीची सहा घरटी लोंबत होती, गेल्या पावसाळ्यातली, रिकामी. एक खाली पडलेलं उचललं. गवताची आणि झावळीची सुताएवढी पाती, कुठेही गाठ सुटलेली नाही. आतल्या कोनाड्यात वाळलेल्या चिखलाचे गोळे. याच गावात सालिम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला. जर्मनीहून 1930 साली परतले तेव्हा हाती नोकरी नव्हती, तेव्हा ते इथे येऊन राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन आतून तपासते, तिला पसंत पडलं तरच ते पुरं होतं; मग तो नर शेजारी दुसरं घरटं सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. हे त्यांनी किहीममध्ये बसून पाहिलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. नोकरी नसलेल्या माणसाला तेव्हा किहीममध्ये राहता येत होतं. घरटं जिथे होतं तिथे परत ठेवलं.

सोमवार, 13 जानेवारी

पुनव. भोगी. काकूंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी दिली.

पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दहा वाजता आम्ही गाडीतच आडव्या होतो, काचा उघड्या. चांदण्यात पोफळीची प्रत्येक सावली वेगळी दिसत होती. चंद्राच्या अगदी जवळ मंगळ, लाल. आई म्हणाली, "ऐक." समुद्र तीन वाड्या पलीकडे आहे, रोज त्याचा एकसारखा घोष येतो. आज लाट फुटल्यावर एक जड धप्प ऐकू यायची आणि मग बराच वेळ काही नाही. "उधाणाला असंच वाजतं. आम्ही आजीला विचारायचो, समुद्र वाडीत येईल का? ती म्हणायची, सुरूपाशी येऊन परत जातो." साडेअकरापर्यंत ती जागी होती. मग माझ्या हातावर हात ठेवून झोपली. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही दोघी इतक्या जवळ झोपलो नव्हतो.

मंगळवार, 14 जानेवारी, संक्रांत

पहाटे एकटी किनाऱ्यावर गेले. शुक्रवारी जिथे गाडी लावली होती तिथे टायरचे ठसे नव्हते. सुरूच्या मुळांना फेसाची ओली रेघ, काटक्या, एक प्लास्टिकची चप्पल, नारळाची करवंटी. पाण्याची रेघ पहिल्या सुरूच्याही तीन पावलं आत गेली होती. मागचं चाक वाळूत रुतलं असतं हे नक्की, आणि आम्ही दोघी आत असतो.

तिळगूळ दिला, काका-काकूंच्या पाया पडले. पैशांचं पाकीट काकू घेईनात, तेव्हा आईने ते विहिरीच्या पंपाच्या दुरुस्तीसाठी म्हणून ओसरीवर ठेवलं. घेतलं.

अटल सेतूवरून घरी आलो. गोधड्या आणल्या नाहीत. मे महिन्यात वैशाखी पुनवेला पुन्हा यायचं आहे, म्हणून काकूंनी त्या त्यांच्या फडताळात ठेवून घेतल्या.