शहापूर-मुरबाडच्या पहाटवाटा

कामानिमित्त परगावी गेले की प्रथम मोडतो तो दिनक्रम. उशिरा जेवण, अपुरी झोप आणि सकाळी तेलकट नाश्ता. रक्तातील साखर सीमारेषेवर आल्यापासून डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालण्यास बजावले होते. त्यामुळे चैत्राच्या आरंभी हिशेब तपासणीसाठी शहापूर आणि मुरबाड येथे आठ दिवस राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा बॅगेत प्रथम चालण्याचे बूट ठेवले.

शहापुरात पहिल्या पहाटे मुंबई-नाशिक महामार्गाकडे वळलो, ती चूक ठरली. मालमोटारींच्या धुराने घसा खवखवला. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने गावामागची कच्ची वाट दाखवली. तेथून माहुलीचा किल्ला दिसतो. नवरा, नवरी, भटजी ही त्याच्या सुळक्यांची नावे मला चहावाल्याकडूनच कळली. उगवतीचे ऊन प्रथम माथ्यावर पडते आणि सावकाश पायथ्याशी उतरते. वाटेवर मोहाची गळलेली फुले बायका-मुले टोपल्यांत वेचीत होती. हवेत त्यांचा गोडसर दरवळ होता.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सुचवते. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. अनोळखी गावात वाट विचारावीच लागते, त्यामुळे ही कसोटी आपोआप पार पडते.

तिसऱ्या पहाटे डोईवर दोन हंडे आणि काखेत कळशी घेतलेल्या एक बाई भेटल्या.

"मावशी, रोज किती खेपा होतात?"

"चार. पाहुणं आलं की पाच. तुम्ही कुठं निघालात, दादा?"

"फिरायला."

"आन् मग?"

"मग परत."

"रिकाम्या हातानं?" त्या मोकळेपणाने हसल्या आणि पुढे गेल्या.

मला हसू आले नाही. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात आहेत. आणि उन्हाळा लागला की इथलेच पाडे टँकरची वाट पाहतात. माझे चालणे औषध होते, मावशींचे चालणे पाणी.

पाचव्या दिवशी एसटीने मुरबाडला आलो. येथे सूर्य सह्याद्रीच्या भिंतीमागून उगवतो. त्यामुळे पहाटेचा गारवा थोडा अधिक टिकतो. एका वृद्ध गृहस्थांनी काठीने सिद्धगडाची दिशा दाखवली. तेथेच २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. "आम्ही लहानपणी तिथवर पायीच जायचो," ते म्हणाले.

मावशींचा प्रश्न मात्र मनातून जाईना. मुरबाडमध्ये मी रिकाम्या हाताने परतणे सोडले. सकाळी बाजारापर्यंत चालून काकड्या-केळी आणू लागलो. तेलकट नाश्ता आपोआप सुटला. कचेरीतही रिक्षाऐवजी पायी गेलो. आपणही परगावी असाल तेव्हा गजबजलेला रस्ता टाळा, गावकऱ्यांना वाट विचारा आणि चालण्याला एखादे काम जोडा. चालणे मग ओझे वाटत नाही.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी दाढी करताना नळ सवयीने चालूच राहिला होता. लक्षात येताच तो बंद केला, आणि आरशासमोर उभा राहून वाहून गेलेल्या पाण्याचे हंडे मोजू लागलो.