माहुलीचा कडा आणि तहाचा कागद

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत येताजाता सगळेच पाहतात. ती किल्ल्याची भिंत आहे हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि तो पुरता होण्याआधीच, 1737 मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. 1774 च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी तोफा लावून, तटाला खिंडार पाडून तो मराठ्यांकडून जिंकला. खाडीकाठच्या सपाट जमिनीवर माणसाने चिरा चिऱ्यावर रचून केलेले हे बळ होते आणि माणसाने ओतलेल्या तोफेने ते फोडले. माहुलीच्या किल्ल्याकडे जाताना सुरुवात इथून केलेली बरी. पुढे जे पाहायचे आहे त्याचा अर्थ या भिंतीशेजारी ठेवल्याशिवाय नीट लागत नाही. आत जाऊन पाहण्याची सोय अर्थातच नाही, आणि ज्यांची आहे त्यांना ती नको असते.

कल्याणला खाडीवर दुर्गाडीचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, या खाडीवर मराठी आरमाराची पहिली गलबते बांधायला घेतली आणि लगोलग, 1658 च्या जानेवारीत, माहुली घेतली. हा क्रम सहज म्हणून घडलेला नाही. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल थळघाटाने नाशिककडे चढायचा, तर त्याची वाट माहुलीच्या नजरेखालून जाते. बंदर हाती आले आणि वाटेवरचा डोंगर दुसऱ्याच्या हाती राहिला, तर बंदराची मिळकत अर्धीच. आज मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याची लोकल याच पट्ट्यातून जातात. डोंबिवली-कल्याणच्या दक्षिणेला क्षितिजावर मलंगगडाचा सुळका दिसतो, तोही या प्रकरणातला साक्षीदार आहे. त्याची साक्ष पुढे काढू. कल्याण सुटले की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद आणि मग आसनगाव. इमारती विरळ होतात आणि उत्तरेला डोंगराची करवतीसारखी कड वर येते.

आसनगावपासून माहुली गाव चार-पाच किलोमीटरवर. पायथ्याला शिवमंदिर आहे, वनखात्याचे फाटक आहे, आणि तिथून साग, ऐन, करवंदांच्या जाळ्या यांतून खडी चढण सुरू होते. हा सगळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. थर आडवे, भेगा उभ्या. पावसाने आणि काळाने त्या उभ्या भेगा रुंदावत नेल्या, आणि डोंगराच्या कडेचे तुकडे सुटे होऊन सुळके उभे राहिले. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी नावे देऊन दगड झालेल्या वऱ्हाडाची कथा रचली. त्या वऱ्हाडात एक वजीरही आहे. लग्नात वजिराचे काय काम, हा प्रश्न कथा विचारत नाही. पण या किल्ल्याचा इतिहास वाचला तर एक मुत्सद्दी तिथे असणे योग्यच वाटते. त्याच भेगांनी डोंगरमाथ्याचेही तीन भाग केले आहेत: उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड. भंडारगडाच्या टोकावर उभे राहिले की वजिराचा सुळका समोर येतो. कडा किती सरळ तुटला आहे हे तिथेच कळते, कारण सुळक्याची उंची डोळ्यांनी मोजायला लागले की आपण उभे आहोत त्या काठाचीही मोजली जाते.

वर पोचल्यावर बहुतेकांची तक्रार असते की इथे पाहायला काही उरलेले नाही. शेवटचा टप्पा लोखंडी शिडीने चढायचा. मग पडका तट, पाण्याची टाकी, महादरवाज्याशी कातळात खोदलेल्या देवड्या, वाड्याचे जोते, भंडारगडाच्या बाजूला कल्याण दरवाजा. रायगड-प्रतापगड पाहिलेल्याला हे फुटकळ वाटेल. पण बांधकाम कुठे आहे यापेक्षा ते कुठे नाही हे इथे पाहायला हवे. जिथे कडा अखंड आहे तिथे कोणी एक दगडही रचलेला नाही. घळ, खिंड, भेग, म्हणजे जिथे कातळाने माणसाला वाट दिली, तिथेच तट आणि दरवाजा आहे. किल्ला निसर्गाने बांधला आणि माणसाने त्याची फक्त डागडुजी केली. ठाण्यात सगळी भिंत माणसाची होती, म्हणून ती माणसाला पाडता आली. इथे पाडण्यासारखे मुळात थोडेच आहे. माझे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. कडा फोडता येत नाही आणि सहसा चढताही येत नाही, म्हणून माहुलीचे भवितव्य बहुतेक वेळा कड्यावर ठरलेच नाही. ते दूर कुठेतरी, तहाच्या कागदावर ठरले.

1636 चेच पाहा. निजामशाहीचा शेवटचा बालराजा मूर्तजा याला घेऊन शहाजीराजे माहुलीवर आले आणि मोगल सरदार खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान यांनी किल्ल्याला वेढा दिला. शेवटी शहाजीराजांनी किल्ला आणि बालराजा दोन्ही मोगलांच्या स्वाधीन केले. निजामशाही इथे संपली. कडा इतका बळकट होता तर हार का झाली, हा आक्षेप सरळ आहे. त्याचे उत्तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या शाहजहान आणि आदिलशहा यांच्या तहात आहे. जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना दिल्याशिवाय शहाजीला विजापूरने चाकरीत घेऊ नये, असे त्यात ठरले होते. म्हणजे वेढा पडला तेव्हा आधाराला कोणी येईल अशी आशा आधीच कागदावर खुडलेली होती. मदतीला येऊ शकणारी एकमेव सत्ता वेढ्यात सामील होती. कडा शत्रूला वर येऊ देत नाही, तसा तो धान्यालाही येऊ देत नाही. टाक्यांत पाणी साठते, दाणागोटा साठतो तेवढाच साठतो. बाहेरून कोणी वेढा उठवायला येणार नसेल तर असा किल्ला अजिंक्य नसतो. तो फक्त वेळ विकत घेऊन देतो. शहाजीराजांनी त्या वेळेची किंमत वसूल केली असे म्हणायला जागा आहे: किल्ला गेला, पण त्यांना आदिलशाहीत जागा मिळाली.

1665 चा पुरंदरचा तह हा याहून स्पष्ट पुरावा. त्या वेळी मिर्झाराजे जयसिंगाची फौज पुरंदरच्या पायथ्याशी होती. माहुलीवर कोणी शिडी लावलेली नव्हती. तरी माहुली गेली. शिवाजी महाराजांनी 23 किल्ले द्यायचे आणि 12 ठेवायचे असे ठरले, आणि त्या 23 च्या यादीत माहुली, भंडारगड, पळसगड अशी तीन नावे वेगवेगळी आहेत. एकाच डोंगराचे तीन किल्ले मोजले गेले. महाराजांच्या बाजूने पाहिले तर हा सौदा वाईट नाही: आकड्यात तीन सुटले, प्रत्यक्षात डोंगर एकच गेला. हे मुद्दाम घडवून आणले होते असे सिद्ध करता येणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. डोंगराचे तीन भाग खरोखरच वेगळे लढवता येतात. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भेगांनी एका राजकीय यादीतला आकडा फुगवला, एवढे खरे.

सर्वांत जोराचा आक्षेप 1670 चा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी तानाजी मालुसऱ्यांनी रात्री कडा चढून सिंहगड घेतला. मग कडे चढता येत नाहीत हे म्हणणे टिकते कसे? त्याच महिन्यात माहुलीवरही रात्री चढाई झाली, आणि ती फसली. तिथला मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. मराठ्यांची बरीच माणसे कापली गेली. एकाच मोसमात, त्याच युक्तीने, एक कडा गेला आणि एक राहिला. यावरून कडा कुचकामी ठरत नाही. तो जागणाऱ्या माणसाच्याच उपयोगाचा असतो एवढेच ठरते. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, त्याच्या जागी अलिवर्दी बेग आला, आणि जूनमध्ये महाराजांच्या मोरोपंतांनी माहुली घेतली. हा विजय तलवारीचा होता, कागदाचा नव्हे; माझ्या म्हणण्याला हा अपवाद आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यातही मधल्या महिन्यांत कडा तसूभर बदललेला नव्हता. बदलला होता वरचा माणूस.

आता मलंगगडाची साक्ष. 1780 मध्ये कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रजी तुकडीने त्या गडाचा खालचा भाग घेतला. गडकरी वरच्या भागात गेले आणि तो काही इंग्रजांना मिळाला नाही. उलट बाहेरून आलेल्या मराठी फौजेने खुद्द ॲबिंग्टनलाच कोंडले आणि त्याला सोडवायला कर्नल हार्टलेला यावे लागले. सहा वर्षांपूर्वी ठाण्याचा तट फोडणाऱ्या कंपनीची ही गत!  फोडायला भिंत नव्हती. मुख्य म्हणजे माहुलीवर शहाजीराजांना जी मिळाली नाही ती बाहेरची मदत इथे वेळेवर आली.

यावर कोणी म्हणेल की ठाणेही शेवटी तहानेच गेले, 1782 च्या सालबाईच्या तहाने ठाण्यासह साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मग फरक काय उरला? फरक आधी-नंतरचा आहे. ठाण्यात तोफ आधी आली आणि कागदाने तिच्या कामावर नंतर शिक्का मारला. माहुलीत कागद आधी. 1817 च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनीला दिले, तेव्हा ज्या डोंगराळ किल्ल्यांसमोर कंपनीच्या तोफांना महिने लागले असते ते एका सहीत खाली आले. त्यानंतर तटाचा उपयोग सरला, डोंगराचा नाही. मुंबईला पाणी हवे होते. माहुलीच्या एका अंगाला 1892 मध्ये तानसाचे धरण पुरे झाले, दुसऱ्या अंगाला पुढे भातसा आला. माथ्यावरून दोन्हीकडचे पाणी चमकते आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला सह्याद्रीची मुख्य धार दिसते. किल्ल्याभोवतीचे जंगल आज तानसा अभयारण्यात मोडते. फाटकावर वनखात्याची पावती फाडली जाते, ती सांभाळून ठेवावी लागते. माहुलीवर जायचे तर अजूनही आधी कागद लागतो.