गाडी गेली, कर्ज राहिलं

अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं की आपली मंडळी आधी शाळेचं रेटिंग बघतात, मग इंडियन ग्रोसरी किती मैलांवर आहे ते, आणि मग दरवाजा पूर्वेला आहे की नाही ते. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट बघायचा योग येतो तो थेट कर्जाच्या अर्जाच्या वेळी. माझ्या मावसभावाने तो काही महिने आधी, २०२५ च्या मार्चमध्ये काढला, हे नशीबच म्हणायचं. कारण त्यात पाच वर्षांपूर्वीची एक गाडी निघाली.

मे २०२० मध्ये त्याची नोकरी गेली. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, आणि त्या उन्हाळ्यात कोण कुणाला नोकरी देत होतं? गाडी घेऊन जेमतेम वर्ष झालेलं. विकावी तर कर्ज गाडीच्या किमतीहून जास्त. शेवटी त्याने कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन केला, त्यांनी सांगितलेल्या आवारात गाडी उभी केली, किल्ल्या दिल्या आणि वंदे भारतच्या विमानाने न्यूजर्सीहून घर गाठलं. २०२२ मध्ये नवीन नोकरी घेऊन तो परत आला. त्याच्या मते गाडीचा विषय केव्हाच संपला होता. "दादा, मी काही पळून गेलो नव्हतो, स्वतःहून गाडी नेऊन दिली," हे त्याने मला किमान दहा वेळा सांगितलं असेल.

गहाण वस्तू सावकाराकडे गेली की फिटंफाट, ही आपली जुनी समजूत. इथे गाडी वेगळी आणि कर्ज वेगळं. रात्री टो ट्रक येऊन गाडी उचलून नेवो किंवा तुम्ही पेढे देऊन स्वाधीन करा, रिपोर्टवर ते रिपझेशनच. कंपनी गाडी लिलावात विकते आणि तूट तुमच्या नावावर टाकते. याचं कर्ज होतं १८,४०० डॉलर. लिलावात गाडीचे आले ११,५००. ओढून नेण्याचा, ठेवण्याचा आणि लिलावाचा खर्च ७५०. उरले ७,६५०. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला. पण लिलाव त्याच्या आधीच उरकलेला.

या रकमेपुढे रिपोर्टवर लिहिलं होतं 'चार्ज-ऑफ'. ते वाचून त्याला हायसं वाटलं, कर्ज माफ झालं म्हणून. भारतातल्या बँकांनी कर्ज 'राइट-ऑफ' केलं की पेपरात 'माफ' म्हणून आरडाओरडा होतो, तोच हा गोंधळ. कंपनीने आपल्या वहीत ते बुडीत धरलं, एवढाच त्याचा अर्थ. देणं संपत नाही, ते वसुलीवाल्याला विकता येतं. तसंच झालं होतं. वसुली कंपनी ९,१०० डॉलर मागत होती, आणि मूळ कंपनीही आपले ७,६५० बाकी दाखवत होती. एकच कर्ज, रिपोर्टवर दोनदा!

खरी पंचाईत इथून पुढे होती, आणि ती पैशांची कमी, लाजेची जास्त होती. काकांनी आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही. त्यांना कळलं तेव्हा फोनवर ते एवढंच म्हणाले, "आठ लाखांची एफडी आहे, ती मोडतो. आधी ते कर्ज फेड, घराचं नंतर बघू." हाही लगेच डाउन पेमेंटच्या पैशांतून भरायला निघाला. भरलं की मोकळा! मी म्हटलं, थांब. देणं द्यायचंच आहे, पण कुणाला, किती आणि कधी, हे आधी कळू दे.

'कुणाला आणि किती' यासाठी इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांचे रिपोर्ट काढले. ते आता दर आठवड्याला फुकट मिळतात. मूळ कंपनीने कर्ज विकलं असेल तर तिची बाकी शून्य दिसायला हवी, म्हणून लेखी तक्रार केली. अशी तक्रार आली की ब्युरोला साधारण ३० दिवसांत शहानिशा करावी लागते. बाकी शून्य झाली. वसुली कंपनीकडे लेखी हिशेब मागितला, तर वरच्या व्याजाचा खुलासा त्यांना करता येईना आणि रक्कम ७,६५० वर आली. दोन पत्रांत १,४५० डॉलर वाचले.

'कधी' हा प्रश्न जास्त नाजूक. इथे दोन घड्याळं असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं रिपोर्टचं: पहिला हप्ता चुकला तिथून साधारण सात वर्षांनी नोंद निघून जाते, पैसे भरा वा न भरा. याची नोंद २०२७ मध्ये जाणार. कर्ज दुसऱ्याला विकलं म्हणून हे घड्याळ पुन्हा सुरू करता येत नाही. दुसरं कोर्टाचं: ठरावीक मुदतीनंतर वसुलीसाठी दावा लावता येत नाही. न्यूजर्सीत गाडीच्या अशा तुटीला सहसा चार वर्षं धरतात. पण बऱ्याच राज्यांत थोडेसे पैसे जरी भरले तरी हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतं. वसुलीवाला गोड आवाजात "निदान पन्नास डॉलर तरी भरा" म्हणतो ते उगाच नाही.

मग मुदत संपली म्हणून गप्प बसायचं का? वकिलाला पैसे देऊन विचारलं. तो म्हणाला, कर्जदार देशाबाहेर असतो तो काळ मुदतीत मोजायचा की नाही, यावर वाद घालता येतो. दावा झाला आणि निकाल विरुद्ध गेला तर तो बोजा घरावर चढू शकतो. ज्याच्याकडे घर नाही त्याच्यामागे लागण्यात वसुलीवाल्याला फार रस नसतो, घर झालं की असतो.

गृहकर्जाच्या नियमांनी मात्र सुखद धक्का दिला. फॅनी मेच्या नियमांनुसार स्वतः राहण्यासाठी एका कुटुंबाचं घर घेत असाल तर असं वसुलीतलं कर्ज फेडलंच पाहिजे अशी अट नाही. एफएचए कर्जात अशी एकूण बाकी २,००० डॉलर किंवा जास्त असेल आणि ती फेडली नाही किंवा हप्ते बांधले नाहीत, तर तिच्या ५ टक्के हा तुमचा महिन्याचा हप्ता धरतात. म्हणजे ९,१०० वर ४५५ डॉलर, न भरताच! अर्थात एखादी बँक स्वतःची कडक अट घालू शकते, आणि स्कोअर पडल्यामुळे वाढलेलं व्याज तर आहेच. शिवाय रिपोर्टवर तक्रार चालू असेल तर अर्ज अडकू शकतो. म्हणून तक्रारी आधी, अर्ज नंतर.

शेवटी त्याने ४,५०० डॉलरमध्ये एकरकमी तडजोड केली. आधी लेखी पत्र घेतलं, मगच पैसे पाठवले, आणि तेही वसुलीवाल्याला चालू खात्याचा नंबर न देता, कॅशियर्स चेकने. सुटलेले ३,१५० डॉलर हे उत्पन्न धरलं जातं, त्याचा १०९९-सी फॉर्म येतो आणि त्यावर कर भरावा लागू शकतो, हेही हिशेबात धरलं. ऑगस्टमध्ये घराच्या कर्जाचा अर्ज केला. बँकेने खुलाशाचं पत्र मागितलं. त्याने लिहिलेला पहिला मसुदा 'माझा अमेरिकेतील संघर्ष' या विषयावरचा शालेय निबंध होता. तो पाच वाक्यांवर आणला: नोकरी गेली, व्हिसा संपला, गाडी परत केली, बाकी फेडली, पावती सोबत जोडली आहे.

ऑक्टोबरमध्ये घर झालं. व्याज पाव टक्का जास्त लागलं, ते २०२७ नंतर बघता येईल. काकांची एफडी शाबूत आहे. ते पावतीची प्रत मागून घेऊन मगच वास्तुशांतीच्या तारखेबद्दल बोलले.

देणं फेडावं हे आपल्याला घरी शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण लाजेने फेडलेलं कर्ज महाग पडतं. ज्याला द्यायचंय त्याच्याकडून आधी हिशेब मागून घेण्यात कसलाही अप्रामाणिकपणा नाही. वाण्याच्या उधारीची वही आपले आजोबासुद्धा तपासूनच पैसे देत असत. असो.