बनी तो बनी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं म्हणून बाहेरगावचे लोक आमची चेष्टा करतात. मी गॅरेजवाला, मला ती कामाची अट वाटते. बनलं तर बनलं. नाही बनलं तर गिऱ्हाईक इथलंच आहे, उद्या परत दारात.

माझं रोजचं काम हौदे बांधायचं. नव्या गाडीची चेसी आणि केबिन येते, मागचा हौदा, फाळका, साखळ्या आम्ही करतो. हात आपोआप चालतात. तीन वर्षांपूर्वी मानवतकडचे एक काका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जीप घेऊन आले, तेव्हा मात्र दोन दिवस मी नुसताच तिच्याभोवती फिरलो.

महिंद्राची सीजे-३बी. उंच बॉनेटची. अमेरिकेत विलिसनं हे मॉडेल १९५३ साली काढलं. नव्या इंजिनाचे आत हवा घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर चढवलं. जीपचे शौकीन या उंचीला नाकं मुरडतात. मला ती आवडते. डोक्यावर फेटा चढवल्यासारखी दिसते.

पत्रा बरा होता. चेसी मात्र गेलेली. आमची काळी माती चॅनलच्या पोटात एकदा शिरली की निघत नाही. पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात दगड होते, पुढच्या पावसात पुन्हा ओल. मागच्या पाट्यांच्या कानापाशी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला.

“बॉडी हीच पाहिजे, मिस्त्री,” काका म्हणाले. “माझ्या बापाची आहे. खाली काहीबी घाला.”

खाली घालायला भंगारात एक बोलेरो होती. उलटल्यामुळे वरचा सांगाडा चेपलेला, पण चेसी सरळ. मी दोन्हींची मापं खडूनं भिंतीवर लिहिली. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २०३२ मिलिमीटर, बोलेरोचं २६८०. म्हणजे ६४८ जास्त, साडेपंचवीस इंच. शेजारच्या वेल्डरनं लगेच सुचवलं, मधून कापा नि जोडा. चेसी कापून जोडणारे हुशार कारागीर आहेत, नाही असं नाही. पण गाडीचा सगळा भार ज्या पट्टीवर, तिथंच मी आग लावणार, आणि वर माणसं बसणार. मला झोप लागली नसती. त्यापेक्षा ते साडेपंचवीस इंच वाया का घालवायचे? जीपची पाठ सीटामागून सोडवली आणि तेवढी जागा हौद्याला देऊन टाकली. जीपची पिकअप झाली ती अशी.

त्याआधी काकांना कागदाचं सांगणं भाग होतं. कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे चेसीवर ठोकलेला नंबर. बापाचं स्टिअरिंग नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीच्या मूळ घडणीत बसणार नाही असा बदल चालणार नाही. ही गाडी पासिंगला नेऊन उपयोग नव्हता. जुन्या चेसीचा नंबर कापून नव्या चेसीवर चिकटवणारे लोक भेटतात. मी त्यांच्यातला नाही. म्हणालो, “रस्त्यावर काढणार असाल तर दुसरा मिस्त्री बघा.” काका हसले. “मला कुठं मुंबईला जायचंय? आखाड्यावरनं वावरात, वावरातनं आखाड्यावर.”

मग काम सुरू झालं. बॉडी उचलण्याआधी दरवाजाच्या मोकळ्या जागेत दोन्हीकडं आडवे पाइप टाचून घेतले, नाहीतर चेन पुलीवर चढवताच ती पुस्तकासारखी मिटते. चेसी चार घोड्यांवर समतल केली, ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं मधली रेघ मारली, कर्ण दोनदा मोजले. दोन सुतांचा फरक आला, तो जमिनीच्या फरशीचा निघाला. जुनी भोकं एकही जुळत नव्हती. नवीन पाडताना चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला हात लावायचा नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथं असतो. भोक पाडायचं ते उभ्या बाजूच्या मधोमध. उंच बॉनेटखाली डिझेल इंजिन निमूट बसलं. चाकं मात्र मडगार्डाबाहेर चार बोटं आली. ती अजून तशीच आहेत, आणि मला अजून खटकतात.

चुकलो ते शेवटी. आठही बोल्ट पूर्ण आवळले, जोर लावून. घट्ट म्हणजे पक्कं, अशी समजूत. वावरात पहिल्याच बांधावर एक चाक वर चढलं आणि समोरची काच कोपऱ्यातून तडकली. काही आपटलं नव्हतं. चेसी पिळली, पिळायलाच ती बनवलेली असते; मी बॉडीला तिच्याशी एवढं जखडलं होतं, की तिचा पीळ थेट काचेत गेला. तीस वर्षं हौदे बांधणाऱ्यानं हे विसरावं! सगळं सैल केलं. जिनिंगच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे मागवून प्रत्येक बोल्टाखाली दोन-दोन घातले आणि वजन बसल्यावर, चाकं जमिनीवर असताना, थोडं थोडं आवळलं. नव्या काचेचे पैसे माझ्याकडून गेले.

मागच्या महिन्यात आखाड्यावर गेलो होतो. काकांनी हौद्यात सरकीची पोती घातली होती आणि नातू स्टिअरिंगवर झोपला होता. काच शाबूत. जुनी चेसी त्यांनी भंगारात दिलेली नाही. विहिरीजवळ चार दगडांवर ती ठेवली आहे, आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. आरसी बुकातली जीप तीच.