मोरवेलीचा देठ

आमच्या घडियाळी पोळेतल्या (पोळ म्हणजे जुनी गल्ली) काकी ओट्यावरच्या वेलीला जुई म्हणायच्या, म्हणून मीही जुईच म्हणायचे. माझा धंदा झाडांचा. बडोद्यातल्या लोकांच्या गच्च्या नि बाल्कन्या हिरव्या करून द्यायच्या आणि महिन्यातून एकदा जाऊन छाटायच्या. परक्याच्या घरी पान उलटून बघितल्याशिवाय कात्री न लावणारी मी; घरच्या वेलीचं मात्र एक पानही कधी नीट पाहिलं नव्हतं.

पोळेतल्या अंबामातेच्या देवळाशी नवरात्रात फक्त पुरुष गरबा खेळतात. बायका बघायला, त्यामुळे आमचा ओटा तेवढे नऊ दिवस भरलेला. वेल ओट्याच्या लाकडी खांबावरून थेट पहिल्या मजल्याच्या झरोक्यापर्यंत गेली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या केसांत अडकत होती. "माजलीये गं, काप," काकी म्हणाल्या. मी कापली, गुडघ्याएवढी ठेवून. जुई काय, कापली की फुटतेच. ही फुटलीसुद्धा, भरपूर. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, फूल एक नाही.

पुढच्या नवरात्रात काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ओटा रिकामा, वेलीकडे कुणाचं लक्ष नाही. कार्तिकात ती पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी लवली. वास असून नसल्यासारखा. जुईचा वास नाकाला ओळखू येणार नाही असं मराठी घर नसेल. तेव्हा कुठे मी खुर्ची घेऊन वेलीसमोर बसले.

जुईला मोठ्या पानाच्या बुडाशी दोन चिमुकली पानं असतात, कानातल्या कुड्यांसारखी. इथे एका देठावर पाच-पाच, सात-सात पानं, कडा दातेरी. फुलाला पाकळ्याच नाहीत. पाकळ्या वाटतात ती चार निदलं, आणि मधे पुंकेसरांचा झुपका. पण पक्की खूण देठाची. ही वेल खोडाने चढत नाही. पानाचा देठच तारेला विळखा घालतो आणि पुढे दोरीसारखा कडक होतो. सोडवायला गेलं तर तुटेल, सुटणार नाही. फुलं, फळं काही नसताना वेल ओळखायची असेल तर मी हा देठ बघते. मधुमालतीचे देठही मागे राहतात, पण ते काट्यासारखे बोचतात, वळत नाहीत.

ही मोरवेल, सह्याद्रीतली रानवेल. काकांनी कधीतरी डांगातून येताना रोप आणलं होतं, हे नंतर कळलं. मोरवेल म्हणजे क्लेमॅटिस. विलायतेत जिच्या बशीएवढ्या जांभळ्या फुलांसाठी लोक वेडे होतात, तिची ही साधी बहीण. आपल्याकडचे वैद्य मूर्वा म्हणून तिच्याच एका जातीकडे बोट दाखवत आले. मूर्वेच्या धाग्याची धनुष्याची दोरी, म्हणून दोरीला मौर्वी. तो कडक झालेला देठ ओढून पाहिल्यावर हा शब्द मला पटला.

मग माझी चूक काय झाली? ती समजली दिंडोरीच्या मामांमुळे. त्यांची द्राक्षबाग. एप्रिलात काड्या वाढवायला खरड छाटणी, ऑक्टोबरात घडांसाठी गोडी छाटणी. घरातलं पोरगंही विचारतं, घड कुठल्या काडीवर धरणार? हाच प्रश्न मी वेलीला विचारायला हवा होता. मोरवेल त्याच वर्षीच्या नव्या काडीवर फुलते. पावसाळाभर ती काडी वाढते, भाद्रपद-आश्विनात टोकाशी कळ्यांची तयारी होते, आणि मी नेमकी तेव्हाच कात्री चालवली. ओट्यावरचा कचरा म्हणून जे झाडून काढलं ते त्या वर्षीचं फूल होतं.

भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिने तिच्या क्लेमॅटिसचा फोटो पाठवला, "मावशी, ही कुठे कापू?" तिला मी मामांचाच प्रश्न विचारला. वसंतात जुन्या काडीवर फुलणारी असेल, आपल्या हिमालयातली मोंटाना धर, तर फुलून झाल्यावर हलकी आवरायची. उन्हाळ्याअखेर नव्या काडीवर फुलणारी असेल तर फेब्रुवारीत खुशाल हातभर ठेवून काप. दोन्हीकडे फुलणारीची फक्त सुकलेली टोकं काढ. आणि ओळख पटत नसेल तर एक वर्ष गप्प बस. तिला हे शेवटचं आवडलं नाही.

तिचा फेब्रुवारी मात्र माझ्या कामाचा नाही. बडोद्याला विलायती माळीकामाची सवय जुनी. 1893 साली लंडनच्या क्यू बागेतून क्रुम्बिगेल नावाचा माळी इथल्या बागा सांभाळायला आला, आणि इंग्रजी पुस्तकांचं कॅलेंडर आमच्या माळ्यांच्या तोंडी अजून आहे. तिथे फेब्रुवारीमागून वसंत येतो, इथे बेचाळीस अंशांचं ऊन. तेव्हा कापलेली वेल उघड्या बुंध्याने भाजून निघते. मी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबते. बिया तोवर उडून गेलेल्या असतात. प्रत्येक बीला पांढरं मऊ पीस, माघात सगळी वेल म्हातारी झाल्यासारखी दिसते. सुकलेलं लाकूड नखाने खरवडायचं, आत हिरवं दिसलं नाही तर बुडापासून काढायचं. उरलेल्या काड्या कमरेएवढ्या ठेवून डोळ्यांच्या जोडीच्या बोटभर वर कापायच्या. बुंध्यावर फुटकी कौलं रचते, मुळं गार राहतात. पहिल्या पावसानंतर प्रत्येक जोडीतून दोन फुटवे येतात. त्यांना तार दाखवली की पुढचं देठ बघतो.

हातमोजे घाला. हिचा रस कातडीला झोंबतो, कधी फोडही येतात. आणि छाटलेला ढीग दारात टाकू नका. पोळेतल्या गाई फिरत असतात, आणि हा पाला जनावरांना बाधतो.