जमा कोणाच्या खाती?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतले आणि विद्यापीठाचे एक परिपत्रक पुढे ठेवले. उत्कृष्ट शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव मागविले होते. "मॅडम, यंदा आपल्या महाविद्यालयातून तुमचे नाव पाठवायचे ठरले आहे," ते म्हणाले. वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म शिकविण्यात माझी २७ वर्षे गेली आहेत. मनातून आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घरी येऊन परिपत्रक सावकाश वाचले, तेव्हा ध्यानात आले की हा पुरस्कार कोणी आपणहून देणार नव्हते. तो मागावयाचा होता. पाच वर्षांचे निकाल, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, शोधनिबंध, अध्यापनातील उपक्रम आणि प्रत्येक विधानाला पुरावा. शिवाय स्वतःच्या योगदानाविषयी दोन पाने लिहावयाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत 'एपीआय' नावाची गुणांकन पद्धत आणली, तेव्हापासून आपल्या कामाचे गुण कागदावर मांडण्याची सवय आम्हां प्राध्यापकांना झाली आहे. परंतु पदोन्नतीसाठी गुण मोजणे वेगळे आणि 'मी उत्कृष्ट आहे' असे आपल्याच हाताने लिहिणे वेगळे.

आपल्या घरांतील वळण तर याच्या अगदी उलट. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात परनिंदेच्या जोडीनेच आत्मप्रशंसाही नीच गोत्रकर्माचे कारण म्हणून सांगितली आहे, हे पाठशाळेत शिकलेले मनातून जात नव्हते. माझी घालमेल पाहून सासरे म्हणाले, "माल विकायचा तर नमुना दाखवावाच लागतो. त्यात बढाई कसली? नमुना मात्र त्याच पोत्यातला हवा."

सासऱ्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. सांगलीच्या पेठेत त्यांनी पन्नास वर्षे हळदीची अडत केली. आज वय ८४. गादीवर बसणे सुटले, पण हिशेब तपासण्याची दृष्टी सुटलेली नाही.

त्यांच्या बोलण्याने धीर आला आणि मी लिहावयास बसले. आठ दिवसांत प्रस्ताव तयार झाला. त्यातील सर्वांत भक्कम नोंद जादा तासांची होती. 'द्वितीय वर्षातील अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी मी सकाळी सात वाजता जादा तासांचा उपक्रम सुरू करून तीन वर्षे चालविला. परिणामी निकालात लक्षणीय वाढ झाली.' सोबत निकालपत्रके जोडली होती.

अण्णांनी भिंग घेऊन पाने वाचली. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "सूनबाई, सकाळी सातला तर तू घरात असायचीस. मंदिरातून येऊन डब्यांच्या गडबडीत तुला रोज पाहिले आहे मी. मग हे तास घेत कोण होते?"

मी गप्प झाले. कल्पना माझी होती आणि पहिला महिना मी तासही घेतले होते. पुढची तीन वर्षे ते आमच्या विभागातील एका तरुण सहकाऱ्याने घेतले. तो तासिका तत्त्वावर काम करतो. जेवढे मंजूर तास, तेवढेच मानधन. या जादा तासांचा एक रुपयाही त्याला मिळाला नव्हता. पुरस्कार पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकांसाठीच असल्याने त्याला अर्जही करता येत नव्हता.

"उपक्रम माझाच आहे. असेच लिहितात सगळे," मी म्हणाले.

"असेल. पण जमा धरलीस ती कोणाच्या खात्यातली? समोरची नोंद कुठे आहे?"

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये आपल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, हे मी दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांना सांगते. प्रत्येक जमेला नावे असते, एकच बाजू लिहिली की ताळा जुळत नाही, हा माझा पहिला पाठ. तोच पाठ मला घरी ऐकावा लागला. त्या रात्री राग आला तो अण्णांचा की स्वतःचा, हे आजही नीट सांगता येणार नाही.

राग ओसरल्यावर कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले, हे सांगितल्यावाचून त्यांची कथा आपल्याकडे कोणी पुरी करीत नाही. ज्याचे त्याच्या खाती लिहिल्याने कर्मवीरांचे मोठेपण उणे झालेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या सहकाऱ्याकडे जादा तासांची हजेरी मागितली. त्याने शंभर पानी वही आणून दिली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो कोठे अडतो याची नोंद होती: कोणाला घसारा कळत नाही, कोणी अखेरच्या समायोजनात चुकतो. मी त्याला सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. 'असू द्या मॅडम' असे तो म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. तो थोडा थांबून म्हणाला, "या कामाचे प्रमाणपत्र मिळू शकेल का? कायम जागेच्या मुलाखतीत दाखवता येईल."

माझ्यासाठी जी प्रस्तावातील एक ओळ होती, ती त्याच्या भाकरीशी जोडलेली होती. ती मी सहज आपल्या नावावर घेतली असती आणि कोणाला कळलेही नसते.

ओळ बदलली. उपक्रमाची कल्पना माझी, तीन वर्षांचे अध्यापन सहकाऱ्याचे, असे त्याच्या नावासह लिहिले आणि वहीची प्रत जोडली. प्राचार्य म्हणाले, "समिती विचारेल, मग पुरस्कार द्यायचा कोणाला?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. तरीही त्यांनी प्रस्तावावर सही केली आणि माझ्या विनंतीवरून सहकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरही केली.

पुरस्कार दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकांना मिळाला. वाईट वाटले. अण्णांना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "वही जुळली ना?" मी मान हलवली.

तो सहकारी आजही तासिका तत्त्वावरच आहे. दोन मुलाखती झाल्या. प्रमाणपत्र फाइलमध्ये सर्वांत वर ठेवतो, असे म्हणाला. यंदाचे परिपत्रक परवा आले. प्रस्ताव लिहावा की नाही, हे अजून ठरलेले नाही. लिहिलाच, तर पहिल्या पानाला हात लावण्यापूर्वी त्याची वही मागून घेईन.